वृषणाचा कर्करोग : बरा होणारा, पण लपवला जाणारा

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातले आंधळगाव हे कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, कापड हातमागावर विणणारे गाव म्हणून विदर्भात ओळखले जाते. या परिसराची आणखी एक ओळख आहे, ती मात्र कोणी अभिमानाने सांगत नाही. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली हे पूर्व विदर्भातले जिल्हे हत्तीरोगाचे जिल्हे आहेत. क्युलेक्स जातीच्या डासामार्फत शरीरात शिरणारे सुतासारखे जंत लसीकावाहिन्यांत घर करतात. मग कोणाचा पाय सुजतो, तर कोणाच्या अंडकोषात पाणी साठते. या दुसऱ्या विकाराला आरोग्य खात्याच्या कागदांवर अंडवृद्धी म्हणतात आणि लोक सरळ ‘हायड्रोसिल’ म्हणतात. हत्तीरोगाच्या गोळ्या घरोघरी खाऊ घालण्याच्या मोहिमा इथे झाल्या आहेत, त्यामुळे शाळेतल्या मुलांच्याही कानावर हा शब्द पडलेला असतो.

अशा भागात एखाद्या पुरुषाच्या अंडकोषाला सूज आली की डॉक्टरकडे जाण्याआधीच निदान ठरलेले असते. बहुतेक वेळा ते बरोबरही असते. पण अंडवृद्धीच्या पुष्कळ रुग्णांमध्ये एखाद्याची सूज पाण्याची नसते. वृषणातच वाढणाऱ्या घट्ट गाठीची असते. ती गाठ कर्करोगाची असेल तर मोठी विचित्र परिस्थिती उभी राहते. शरीरभर पसरल्यावरही बहुतांश रुग्ण पूर्ण बरे होतात असे जे अगदी मोजके कर्करोग आहेत, त्यांत वृषणाच्या कर्करोगाचा नंबर पहिला लागतो. औषध आहे, ते पन्नास वर्षे पारखलेले आहे, आपल्या देशात तयार होते. आणि तरीही आपल्याकडचे रुग्ण पुष्कळदा फार उशिरा दवाखान्याची पायरी चढतात, कारण सूज ‘तिथे’ असते.

शिक्षकांच्या मासिकात हा विषय घेण्याचे कारण रुग्णाच्या वयात आहे. हा रोग मुख्यतः पंधरा ते चाळीस या वयात होतो. म्हणजे तो दहावी-बारावीच्या मुलांचा आणि नुकत्याच शाळा सोडून गेलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांचा रोग आहे. प्रजननसंस्थेचा धडा ‘घरी वाचून या’ असे सांगून कसा संपवला जातो, हे आपण सगळेच जाणतो. त्या धड्यात दहा मिनिटे जास्त घालवली तर काय सांगता येईल, ते पुढे पाहू.

रोग दुर्मिळ आहे हे आधी सांगायला हवे, नाहीतर उगाच घबराट व्हायची. २०२० साली जगभरात या कर्करोगाचे सुमारे ७४,५०० नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९,३०० माणसे त्याने दगावली. नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये वर्षाला लाख पुरुषांमागे दहाच्या आसपास रुग्ण सापडतात. भारतात हे प्रमाण लाखात एकाहूनही कमी आहे. ज्या डॉक्टरने अंडवृद्धी रोज पाहिली आहे, त्याच्या पाहण्यात वृषणाची गाठ वर्षानुवर्षे येत नाही. दुर्मिळ रोगाची ही खरी अडचण असते. तो आठवतच नाही.

आता समजा, आंधळगावातला चोवीस वर्षांचा एक विणकर आहे. मागावर बसताना त्याला एका बाजूचे वृषण जड वाटते. दुखत काहीच नाही. दुखत नाही म्हणून तो कोणाला सांगत नाही. लग्नाचे बघणे चालू आहे म्हणून तर मुळीच नाही. असे आठ महिने जातात. या कर्करोगाच्या वेगाने वाढणाऱ्या प्रकारांत गाठीचे आकारमान दहा ते तीस दिवसांत दुप्पट होऊ शकते. आपण त्यातला सर्वांत सावकाश वेग धरू. तीस दिवसांना एकदा दुप्पट, म्हणजे आठ महिन्यांत आठ वेळा दुप्पट, म्हणजे २५६ पट. प्रत्यक्षात वाढ अशी एकसारखी चालत नाही हे खरे, पण भूमिती श्रेणी शिकवताना बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांऐवजी हे उदाहरण घ्यायला हरकत नाही.

सूज पाण्याची की घट्ट गाठीची, हे पाहण्याची एक जुनी आणि सोपी रीत आहे. अंधाऱ्या खोलीत सुजेच्या मागे बॅटरीचा झोत धरतात. आत स्वच्छ पाणी असेल तर उजेड आरपार येतो आणि सूज लालसर कंदिलासारखी दिसते. आत पेशींची भरगच्च गाठ असेल तर उजेड अडतो. वर्गात हे दाखवायला दोन फुगे पुरतात : एकात पाणी, दुसऱ्यात कणकेचा गोळा. तिसरा फुगाही जरूर करावा. त्यात कणकेचा लहान गोळा आणि भोवती पाणी भरावे. बाजूने झोत टाकला तर हा फुगासुद्धा उजळतो आणि गोळा कुठल्याकुठे लपून जातो. हा तिसरा फुगा महत्त्वाचा आहे, कारण वृषणात गाठ वाढताना काही रुग्णांत तिच्याभोवती पाणीही साठते. उलट, जुन्या अंडवृद्धीचे आवरण जाड झालेले असले तर आत पाणी असूनही उजेड पलीकडे येत नाही. म्हणून बॅटरीवर निकाल द्यायचा नाही. खरा निकाल सोनोग्राफीचा. ती वेदनारहित आहे, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी होते आणि काही मिनिटांत संपते. अंडवृद्धीच्या शस्त्रक्रियांची शिबिरे भरतात तेव्हा निदान चाळिशीच्या आतल्या प्रत्येक पुरुषाची सोनोग्राफी आधी झालीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे कारण समजण्यासाठी थोडे गर्भशास्त्र पाहावे लागेल. गर्भात वृषणे पोटात, मूत्रपिंडांच्या जवळ तयार होतात आणि जन्माच्या सुमारास जांघेच्या वाटेने खाली अंडकोषात उतरतात. विहिरीत बादली सोडली तरी दोर वरच्या रहाटालाच बांधलेला असतो, तसा वृषणांचा रक्तपुरवठा आणि लसीकावाहिन्या वरच, मूत्रपिंडांच्या पातळीवर, जोडलेल्या राहतात. त्यामुळे वृषणाचा कर्करोग पसरला की जांघेत नव्हे, तर पोटात पाठीच्या कण्यालगतच्या लसीकाग्रंथींत जातो. एखाद्या तरुणाला सतत पाठदुखी असते आणि मूळ रोग मात्र अंडकोषात असतो, असे घडते ते यामुळे.

अंडकोषाच्या त्वचेची गोष्ट वेगळी. ती जागच्या जागी तयार होते आणि तिच्या लसीकावाहिन्या जांघेतल्या ग्रंथींना जातात. म्हणजे वृषण आणि त्यावरची पिशवी यांचे सांडपाणी दोन वेगळ्या नाल्यांतून वाहते. अंडवृद्धी समजून कोणी पिशवीवर छेद घेतला किंवा पाणी काढायला सुई खुपसली आणि आत कर्करोग निघाला, तर त्याच्या पेशींना या दुसऱ्या नाल्याची वाट मोकळी होते. म्हणून वृषणात गाठ असल्याचा संशय असेल तर शस्त्रक्रिया जांघेत छेद घेऊन करायची, दोर वरूनच बांधून वृषण अखंड बाहेर काढायचे, आणि आधी सुईने तुकडा तपासायच्या भानगडीत पडायचे नाही, असा नियम आहे. इतर बहुतेक कर्करोगांत उपचाराआधी तुकडा तपासतात. इथे बाहेर काढलेले वृषणच तपासायला जाते.

शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर रक्ताच्या तपासण्या होतात, आणि त्यांत शाळेच्या गणिताला मोठा वाव आहे. या गाठी अनेकदा दोन खास पदार्थ रक्तात सोडतात. एक अल्फा फीटोप्रोटीन. ते एरवी गर्भाच्या यकृतात तयार होते. दुसरे एचसीजी हे संप्रेरक. गर्भारपणाच्या पट्टीवर जे रेघ उमटवते तेच. होय, काही पुरुष रुग्णांची अशी चाचणी चक्क ‘पॉझिटिव्ह’ येते. ही गोष्ट ऐकून कोणी घरी पट्टी आणून तपासणी करू लागेल म्हणून सांगायला हवे की पुष्कळ गाठी हे संप्रेरक सोडतच नाहीत. पट्टीवर रेघ आली नाही म्हणजे कर्करोग नाही, असे मुळीच नाही.

अल्फा फीटोप्रोटीनचे रक्तातले अर्धायुष्य पाच ते सात दिवसांचे असते, एचसीजीचे एक ते तीन दिवसांचे. समजा, आपल्या विणकराचे वृषण काढले त्या दिवशी रक्तात अल्फा फीटोप्रोटीन मिलिलिटरला १,६०० नॅनोग्रॅम होते. सात दिवसांच्या हिशेबाने ते आठवड्याने ८००, मग ४००, मग २०० आणि चार आठवड्यांनी १०० व्हायला हवे. ते तसे उतरत गेले तर कारखाना शरीराबाहेर गेला. पण चार आठवड्यांनी ते ९०० निघाले, तर कुठेतरी दुसरा कारखाना चालू आहे हे ओळखायचे, मग चित्रांत काही दिसो वा न दिसो. किरणोत्सारी मूलद्रव्यांसाठी आपण फळ्यावर जी वक्ररेषा काढतो, तीच ही.

गाठींचे मुख्य दोन वर्ग आहेत. सेमिनोमा हा तुलनेने सावकाश वाढणारा आणि किरणोपचाराला लगेच दबणारा. दुसरा नॉन-सेमिनोमा, त्यात अनेक प्रकारच्या पेशींची सरमिसळ असते. रोग वृषणापुरताच असेल तर आज पुष्कळांना शस्त्रक्रियेनंतर काहीही औषध न देता नुसते नियमित तपासत राहतात. त्यांतल्या काहींचा रोग उलटतो. सेमिनोमात साधारण सहांपैकी एकाचा, तर दुसऱ्या वर्गात दहांपैकी तिघांचा. तरीही शंभरातले जवळजवळ नव्याण्णव जण वाचतात, कारण उलटलेला रोगही औषधाने बरा होतो. मात्र ‘नुसते तपासत राहणे’ याचा अर्थ तारखेला हजर राहणे. शेतीच्या हंगामात, लग्नसराईत, एसटीच्या संपातसुद्धा.

हे औषध आले कुठून, ही विज्ञानाच्या इतिहासातली एक रंजक हकिकत आहे. अमेरिकेत मिशिगन राज्य विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ विद्युतक्षेत्राचा पेशीविभाजनावर काही परिणाम होतो का, ते पाहत होते. ई. कोलाय जिवाणूंच्या द्रवात त्यांनी प्लॅटिनमचे विद्युतअग्र बुडवले. प्लॅटिनम का, तर ते कशाशी अभिक्रिया करत नाही म्हणून. जिवाणू विभागायचे थांबले आणि नुसते लांबत गेले, नेहमीच्या लांबीच्या तीनशे पटींपर्यंत. बरीच शोधाशोध केल्यावर कळले की हा परिणाम विजेचा नव्हताच. ‘काहीच करत नाही’ असे मानलेले प्लॅटिनम द्रवातल्या अमोनियम क्लोराइडशी संयोग पावून एक संयुग तयार करत होते. हे संशोधन १९६५ साली प्रसिद्ध झाले. गंमत अशी की ते संयुग नवे नव्हते. इटालियन रसायनज्ञ मिकेले पेरोने यांनी १८४५ मध्येच त्याचे वर्णन केले होते आणि आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये त्याची रचना सांगितली होती. शंभराहून अधिक वर्षे ते पुस्तकात पडून होते.

बारावीला रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांना सिसप्लॅटिन हे नाव परिचित असेल. मधोमध प्लॅटिनमचा अणू, आणि भोवती चौरसाच्या चार कोपऱ्यांवर दोन अमोनिया व दोन क्लोरीन. दोन्ही क्लोरीन शेजारशेजारच्या कोपऱ्यांवर असतील तर ते सिस. समोरासमोर असतील तर ट्रान्स. अणू तेच, संख्या तीच, पण ट्रान्स रूप कर्करोगावर जवळजवळ निरुपयोगी. मुलांना समघटकता नुसती पाठ करायची गोष्ट वाटते, त्यांना हे उदाहरण द्यावे.

औषधाचे काम कसे चालते? रक्तात क्लोराइड आयन भरपूर, लिटरला सुमारे शंभर मिलिमोल. त्यामुळे तिथे संयुगातले क्लोरीन सुटत नाहीत. पेशीच्या आत क्लोराइड बरेच कमी असते. तिथे पोचल्यावर क्लोरीन सुटतात, त्यांच्या जागी पाण्याचे रेणू येतात, आणि मग प्लॅटिनम डीएनएच्या धाग्यातल्या शेजारशेजारच्या दोन ग्वानिनांना धरून बसतो. धागा तिथे वाकतो. वाकलेल्या धाग्याची नक्कल करता येत नाही. ट्रान्स रूपाला असे शेजारचे दोन हात धरता येत नाहीत, म्हणून ते निष्फळ. हेच क्लोराइडचे गणित रुग्णालयात उपयोगी पडते. हे औषध मूत्रपिंडांना इजा करते. ती टाळण्यासाठी रुग्णाला आधी आणि नंतर भरपूर सलाइन, म्हणजे मिठाचे पाणी, देतात.

पण इतर अनेक कर्करोग याच औषधाला पुरते दाद देत नाहीत, मग हाच का देतो? वृषणातल्या या गाठी जननपेशींपासून निघतात. पुढच्या पिढीकडे जाणाऱ्या डीएनएत बिघाड झाला तर तो दुरुस्त करत बसण्यापेक्षा ती पेशीच संपवणे निसर्गाला परवडते. या गाठींच्या पेशींनी तो स्वभाव बऱ्याच अंशी राखलेला असतो. बिघाड दिसताच पेशीला आत्मनाशाचा हुकूम देणारे पी-५३ हे प्रथिन इतर पुष्कळ कर्करोगांत मोडलेले असते. इथे ते बहुधा शाबूत असते. शिवाय प्लॅटिनमने केलेली गाठ सोडवणारी दुरुस्तीची यंत्रणा या पेशींत दुबळी असते. म्हणून त्या मरतात.

१९७४ साली इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न या तरुण डॉक्टरांनी सिसप्लॅटिनला विनब्लास्टिन आणि ब्लिओमायसिन या दोन औषधांची जोड दिली. जॉन क्लेलंड हा विद्यार्थी आधीची सगळी औषधे हरल्यावर त्यांच्याकडे आला होता. त्याच्या फुप्फुसांतल्या गाठी विरघळल्या, तो बरा झाला, आणि पुढे हायस्कूलमध्ये जीवशास्त्राचा शिक्षक झाला. १९७७ मध्ये आइनहॉर्न यांनी पहिल्या ५० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. तिघे उपचाराच्या सुरुवातीलाच दगावले होते. उरलेल्या ४७ पैकी ७४ टक्के रुग्णांत रोगाचा मागमूस राहिला नाही, आणि उरलेल्या गाठी शस्त्रक्रियेने काढल्यावर हे प्रमाण ८५ टक्क्यांवर गेले. त्याआधी पसरलेल्या रोगातून शंभरात पाच-दहा जणच वाचत. पुढे १९८७ च्या सुमारास विनब्लास्टिनची जागा इटोपोसाइडने घेतली आणि त्रास कमी झाला. आजही हीच त्रयी वापरतात. एकवीस दिवसांचे एक आवर्तन, बहुतेकांना तीन, रोग जास्त असेल तर चार.

थोडा हिशेब करू. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला २० मिलिग्रॅम सिसप्लॅटिन, असे पाच दिवस. आपल्या विणकराचे पृष्ठफळ १.६ चौरस मीटर धरले तर एका आवर्तनात १६० मिलिग्रॅम, तीन आवर्तनांत ४८०. सिसप्लॅटिनच्या वजनात प्लॅटिनमचा वाटा ६५ टक्के. म्हणजे सगळ्या उपचारात जेमतेम ३१० मिलिग्रॅम प्लॅटिनम त्याच्या शरीरात जाते. सोनाराच्या तराजूतही एवढ्याची दखल कोणी घेणार नाही.

आपल्याकडे या औषधांची सर्वांत गाजलेली कथा युवराज सिंगची. २०११ च्या विश्वचषकाचा तो मालिकावीर. त्याची गाठ वृषणात नव्हती, छातीत दोन फुप्फुसांच्या मध्ये होती. पण ती सेमिनोमाच होती. गर्भात जननपेशी दूरवरून चालत येऊन आपल्या जागी पोचतात. वाटेत शरीराच्या मध्यरेषेवर काही मागे राहिल्या तर त्यांच्यापासून अशी गाठ होते, असे मानतात. २०१२ च्या आरंभी इंडियानापोलिसला आइनहॉर्न यांच्याच देखरेखीखाली त्याला रसायनोपचाराची तीन आवर्तने मिळाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो पुन्हा भारताकडून खेळला. मुलांना हे उदाहरण चटकन पटते. पण त्यातून ‘अमेरिकेत गेले तरच बरे होते’ असा समज व्हायला नको. तीच औषधे, त्याच मात्रेत, मुंबईला १९४१ पासून चालू असलेल्या टाटा स्मारक रुग्णालयात मिळतात आणि भंडाऱ्याहून जवळ नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. तिसरे आवर्तन चुकवायचे नाही, पुढे ढकलायचे नाही, हे मात्र घरच्यांना कोणीतरी समजावून सांगावे लागते. केस गळालेले आणि ओकाऱ्यांनी थकलेले पोर पाहून ‘आता बस झाले’ असे म्हणणारी आजी प्रत्येक घरात असते. तिचे चुकत नाही, तिला गणित कोणी सांगितलेले नसते.

पसरलेल्या रोगाचेही आता तीन गट पाडतात : चांगला, मध्यम आणि वाईट. नॉन-सेमिनोमाच्या रुग्णांत पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण १९९७ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत या गटांत अनुक्रमे सुमारे ९२, ८० आणि ४८ टक्के होते. २०२१ च्या पाहणीत ते ९६, ८९ आणि ६७ झाले. औषध तेच असताना ही वाढ कशी झाली? वेळेवर आणि पूर्ण मात्रेत औषध देणे, उरलेल्या गाठी अनुभवी शल्यचिकित्सकाने काढणे, उलटलेला रोग लवकर पकडणे, अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींचा त्यात मोठा हात आहे. आणि आपल्या विणकराने वाया घालवलेले आठ महिने त्याला पहिल्या गटातून तिसऱ्याकडे ढकलू शकतात.

लग्नाचा प्रश्न राहिला, आणि खरे तर घरात पहिला तोच विचारला जातो. एक वृषण काढल्याने पुरुषत्व जात नाही; दुसरे चांगले असेल तर संप्रेरकही पुरते आणि मूलही होते. रसायनोपचारात शुक्रपेशी तयार होणे थांबते, पण बहुतेकांत ते वर्षा-दोन वर्षांत परत सुरू होते. ‘बहुतेकांत’ म्हणजे सगळ्यांत नव्हे, म्हणून पहिल्या औषधाआधी वीर्य गोठवून ठेवण्याची सोय विचारून घ्यावी. नंतर विचारून उपयोग नसतो. डॉक्टर गर्दीत विसरले तर रुग्णाने आठवण करावी. लाजून गप्प बसण्याचा हा क्षण नव्हे.

रोग बरा झाला तरी गोष्ट तिथे संपत नाही, कारण बरा झालेला माणूस पंचविशीतला असतो आणि त्याला पुढची चाळीस-पन्नास वर्षे जगायचे असते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००० साली दाखवले की उपचारानंतर वीस वर्षांनीही रक्तात प्लॅटिनमचा अंश सापडतो. काहींच्या बोटांत मुंग्या येतात किंवा बधिरपणा राहतो, थंडीत बोटे पांढरी पडतात. ज्याचे पोट बोटांनी धागा ओळखण्यावर चालते त्याच्यासाठी ही बारीकसारीक तक्रार नाही. ती उपचार चालू असतानाच डॉक्टरांना सांगायला हवी. कानांत गुणगुण होते, उंच स्वर कमी ऐकू येतात. हृदयविकाराचा आणि दुसऱ्या कर्करोगांचा धोका वाढतो. बऱ्या झालेल्या ४०,५७६ पुरुषांच्या नोंदी तपासून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा दुसऱ्या कर्करोगांचा धोका ३५ वर्षांनंतरही टिकून असल्याचे दिसले. उरलेल्या वृषणात कर्करोग होण्याची शक्यता पंधरा वर्षांत शंभरात दोघांना असते. तेव्हा रक्तदाब, साखर, वजन यांवर लक्ष ठेवणे आणि तंबाखू कायमची सोडणे ही उपचाराचीच पुढची पाने आहेत. खर्रा हा पूर्व विदर्भाचा जिव्हाळ्याचा विषय असल्याने हे शेवटचे पान सर्वांत अवघड जाते.

शिक्षकांनी ध्यानात ठेवावी अशी आणखी एक गोष्ट आहे, लहान मुलांबद्दल. ज्या बालकाचे वृषण अंडकोषात उतरलेलेच नाही, त्याला पुढे हा कर्करोग होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. असे वृषण शस्त्रक्रियेने खाली आणलेल्या सुमारे सतरा हजार स्वीडिश पुरुषांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची शस्त्रक्रिया तेराव्या वर्षाआधी झाली त्यांना धोका सर्वसामान्यांच्या सव्वादोन पट, नंतर झाली त्यांना पाच पटींहून जास्त. आज ही शस्त्रक्रिया शक्यतो दीड वर्षाच्या आत करायला सांगतात. अंगणवाडीत किंवा शाळेच्या आरोग्य तपासणीत एवढे पाहून घेणे कठीण नाही.

मोठ्या मुलांना सांगायचे ते एवढेच : आंघोळ करताना, कोमट पाण्याने कातडी सैल झालेली असताना, दोन्ही वृषणे बोटांनी हलकेच चाचपावी. एक दुसऱ्यापेक्षा थोडे मोठे किंवा खाली असणे नैसर्गिक आहे, आणि मागच्या बाजूला लागणारी मऊ वळकटी ही शुक्रवाहिनीचा भाग असते. वृषणावरच कडक, न दुखणारा उंचवटा लागला, किंवा एक बाजू जड होत चालली, तर दोन आठवड्यांच्या आत डॉक्टरांना दाखवावे आणि सोनोग्राफी मागावी.

ज्यांचे उपचार पूर्ण झाले आहेत, त्यांच्यासाठी एक व्यावहारिक सूचना. ब्लिओमायसिन हे औषध फुप्फुसांवर परिणाम करते. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगने १९९६ मध्ये ते टाळून त्याऐवजी दुसरे औषध घेतले होते ते आपली फुप्फुसे जपण्यासाठीच. (पुढे उत्तेजके घेतल्यामुळे त्याची पदके गेली, तो भाग वेगळा.) ब्लिओमायसिन घेतलेल्या माणसाला नंतर कधी हर्नियाची किंवा अपघाताची शस्त्रक्रिया करावी लागली, तर भूल देताना प्राणवायूचे प्रमाण गरजेपेक्षा जास्त ठेवणे धोक्याचे ठरू शकते. भूल देणाऱ्या डॉक्टरला हे कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही. म्हणून किती आवर्तने झाली, कोणती औषधे किती मात्रेत दिली, हे लिहिलेला रुग्णालयाचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, शाळा सोडल्याच्या दाखल्याजवळच ठेवावा.